अनवाणी केदारला

माझा नवस पुरा झाला की अर्ध्या वाटेत सुटला, हे मला आजही सांगता यायचं नाही. एरवी मी बहुतेक गोष्टी ठामपणे सांगणारी बाई आहे. कोल्हापुरात मुलींच्या शाळेत मी कवायत शिकवायचे. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि मैदानाच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या मुलीला ताठ करील असा आवाज. घरातही फारसं वेगळं चित्र नव्हतं. आमचे हे कचेरीत कारकून, स्वभावानं मऊ. बाजारात कुठली भाजी घ्यायची तेसुद्धा मला विचारून घ्यायचे आणि वर मलाच हसायचे. देवावर माझी श्रद्धा होती, पण त्याचं आणि माझं काम मी वाटून टाकलं होतं. मी माझं चोख करायचं, त्यानं त्याचं करावं. यात कुणाला वाईट वाटण्यासारखं काही आहे, असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. एका पावसाळ्यात यांना कावीळ झाली. उतरली, उतरली म्हणेपर्यंत दिवाळीच्या तोंडावर पुन्हा उलटली, आणि या खेपेला अंथरुणाला खिळवून गेली. डोळे पिवळेजर्द, अंगाला खाज, अन्नाचा वाससुद्धा नको. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं मला बाहेर बोलावून सांगितलं की, या वेळी निभावून जाईल असं वाटतं, पण तिसऱ्यांदा उलटली तर आमच्या हातात फार काही उरणार नाही. त्या संध्याकाळी मी दवाखान्याच्या गच्चीवर गेले. हवा स्वच्छ होती आणि वायव्येला जोतिबाचा डोंगर स्पष्ट दिसत होता. आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं की जोतिबा म्हणजे केदारनाथच, हिमालयातून आपल्यासाठी इकडं आलेला. म्हणून तर त्याला केदारलिंग म्हणायचं. मी हात जोडले आणि बजावल्यासारखं सांगितलं, तू आमच्यासाठी इतक्या लांब आलास, आता यांना उभं कर, आणि पुन्हा हे दुखणं दारात येऊ देऊ नकोस. मी तुझ्या मूळ ठिकाणी येईन, तिथला डोंगर पायी चढेन, अनवाणी चढेन.

हे उठले. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला दारात उभे राहण्याइतके बरे झाले. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली तशी मी एका यात्रा कंपनीच्या बसमध्ये तीन जागा धरल्या. तिसरी जागा यांच्या थोरल्या बहिणीची. आक्कांना बिद्रीकडच्या एका गावात दिलं होतं. साठीच्या पुढच्या, विधवा, अंगानं काडी, आणि तोंडाला म्हणून विश्रांती नाही. मला त्या 'मास्तरीण' म्हणायच्या आणि माझ्या शिट्टीला अजिबात भीत नसत. डॉक्टरांनी यांना परवानगी दिली, पण चालायचं नाही, पथ्य मोडायचं नाही, या अटीवर. ते मी सांभाळणारच होते.

आता चूक कशी झाली ते सांगते. गौरीकुंडाला आम्ही मुक्काम केला. पहाटे गरम पाण्याच्या कुंडात अंघोळी झाल्या. कंपनीचा व्यवस्थापक सगळ्यांना समजावून सांगत होता की, वाट लांब आहे, हवा विरळ होत जाते, दुपारनंतर पाऊस ठरलेला, तेव्हा शक्यतो घोडे करा, आणि चालणार असाल तर पायात चांगले बूट घाला, लोकरीचे कपडे हाताशी ठेवा. मी त्याचं ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, बाबा रे, आम्ही कोल्हापूरची माणसं. दर चैत्रात जोतिबाचा डोंगर पायथ्यापासून अनवाणी चढतो, आणि वर जाऊन गुलालात नाचायलाही अंगात जोर उरतो. देव तोच, मग डोंगर तरी किती वेगळा असणार? जोतिबाला निघावं तशीच मी निघाले. चपला गौरीकुंडातच ठेवल्या. यांना घोड्यावर बसवलं, आणि आपल्याला ओझं नको म्हणून स्वेटर, कांबळी, पायमोजे, सगळ्यांचं बोचकं यांच्याच घोड्याला बांधून दिलं. हे पुढच्या तांड्याबरोबर निघून गेले. आक्कांनी आपल्या चपला काढल्या नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "नवस तुझा हाय, माझ्या पायांनी काय केलंय?"

पहिला टप्पा फार सुरेख गेला. डाव्या-उजव्या अंगाला झाडी, खाली मंदाकिनीचा आवाज, वरून जाणारे-येणारे 'जय केदार' म्हणायचे आणि आम्ही 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' म्हणून उत्तर द्यायचो. माणसं चमकून बघायची आणि हसून पुढं जायची. दगड गार होते, पण पाय तापलेले असल्यामुळं बरंच वाटत होतं. घोड्यांच्या लिदीतून, चिखलातून मी मुलींना पुढं घालून सहलीला निघाल्यासारखी चालत होते. आक्का मधूनमधून बसायच्या, मी उभ्यानंच त्यांची वाट बघायचे. रामबाड्याला चहा घेतला तेव्हा टपरीवाल्यानं माझ्या पायांकडं बघून मान हलवली. मी त्याला हसून दाखवलं.

रामबाड्याच्या वर झाडं संपली. त्याआधी मी कधी झाड नसलेला डोंगर इतका उंच पाहिला नव्हता. दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यांच्या फटींतून घसरत आलेला मळकट बर्फ, आणि मधून नदीच्या काठाकाठानं वर चढत गेलेली ती दरी. वाट एकदम उभी झाली. आणि तिथं माझं डोकं दुखायला लागलं. आधी कानशिलं, मग मान, मग डोळ्यांच्या मागं कुणी अंगठा दाबून धरावा तसं. दहा पावलं टाकली की छाती भरून यायची. चहा उलटून पडला. वर ढग कधी उतरले ते कळलं नाही, पण पाऊस आला तो गारा घेऊनच आला. वाटेत एका ठिकाणी बर्फ आडवा पसरला होता. तो ओलांडल्यावर मला माझे पाय आहेत की नाहीत हे कळेना. खाली बघितलं तर टाच फाटून रक्त येत होतं आणि दुखत मात्र काहीच नव्हतं. आक्कांनी आपल्या लुगड्याच्या पदराची पट्टी फाडून ती टाच बांधली.

मी एका दगडावर बसले आणि मला उठता येईना. असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. मी मनातल्या मनात शिट्टी वाजवली, मोजून एक-दोन-एक-दोन म्हटलं, पण पाय माझे नव्हतेच. आजूबाजूची माणसं आणि घोडे घाईघाईनं वर निघून गेले होते. बोचकं यांच्याबरोबर वर, आम्ही दोघी ओल्याचिंब खाली. थंडीची भीती मला तेव्हा वाटली नाही, हे खरं सांगते. मला भीती वाटत होती ती नवसाची. इथं बसले तर नवस तुटला. नवस तुटला तर तिसऱ्यांदा कावीळ येणार. मला यांचे ते पिवळे डोळे दिसायला लागले आणि मी रडले. आक्का इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला रडताना बघत होत्या. त्या गप्प झाल्या, आणि त्यांचं गप्प होणं मला आणखी घाबरवून गेलं.

तेवढ्यात वरून एक माणूस उतरताना दिसला. पाठीवर रिकामी कंडी, म्हणजे माणूस बसवून न्यायची वेताची टोपली, कपाळावरून तिचा पट्टा घेतलेला. बुटका, चपट्या नाकाचा, कुठल्या पहाडी मुलखातला असावा. वय सांगता येणार नाही. तो आमच्यापुढं थांबला, माझ्याकडं बघितलं, आणि कंडी माझ्यासमोर टेकवून खाली बसला. मी मान हलवली. त्यानं हातानं खूण केली, बसा. मी पुन्हा मान हलवली. आक्का त्याला आपल्या कोल्हापुरी हिंदीत सांगायला लागल्या की, ये पाँव से चलनेवाली हाय, देव को बोल के आई हाय, चप्पल बी न्हाय डालती. त्याला किती समजलं कोण जाणे. तो तसाच बसून राहिला.

मग आक्का माझ्याकडं वळल्या. त्यांच्या गावची सासनकाठी दर चैत्रात जोतिबाला येते. घरावर घर ठेवावं एवढा उंच कळकाचा बांबू, त्याला वस्त्रं, तोरणं, वर निशाण. चारी बाजूंनी दोर धरलेले, आणि एक माणूस तो कळक आपल्या अंगावर पेलून नाचवत चालतो. गाव सोडल्यापासून डोंगरापर्यंत काठी चालत राहते, पण एकच माणूस ती कधीच नेत नाही. आक्कांचे मालक जिवंत होते तोवर ते त्या काठीला खांदा द्यायचे.

"काठी कुणाच्या खांद्यावर हाय हे देव बघतोय व्हय?" आक्का म्हणाल्या. "एक दमला की दुसरा खाली शिरतोय. दमल्याला कोण नावं ठेवत न्हाय. काठी पोचली म्हंजे झालं. तुझा नवस म्हंजे काठीच की. बदल खांदा."

माझ्या डोक्यात घण पडत होते तरी मी वाद सोडला नाही. मी म्हटलं, आक्का, काठीला खांदा देणारी माणसं अनवाणी असतात. याच्या पायात बूट आहेत. याच्या पाठीवर बसून मी गेले तर ते अनवाणी जाणं कसं होईल? खरं तर मला नाही म्हणायचं होतं, आणि हे कारण हाताशी सापडलं. बोलताना मी त्याच्या बुटांकडं बोट केलं. फाटके कॅनव्हासचे बूट होते, आत फडकी कोंबलेली.

त्यानं माझ्या बोटाकडं बघितलं. मग माझ्या बांधलेल्या टाचेकडं बघितलं. आणि त्या गारांत, चिखलात, त्यानं खाली वाकून आधी एक बूट काढला, मग दुसरा. फडकी आत नीट दाबून भरली, नाड्यांची एकमेकींना गाठ मारली आणि बूट कंडीच्या कडेला अडकवले. मग पुन्हा पाठ करून बसला. आक्कांनी माझ्या काखेत हात घालून मला उठवलं, मी उठले, आणि कंडीत बसले.

कंडीत बसणाऱ्याचं तोंड मागं असतं. वाहणारा वर बघत चालतो आणि बसलेल्याला फक्त मागं पडलेली वाट दिसते. आयुष्यभर पुढं उभी राहून इतरांना 'सावधान' सांगणारी मी, माझ्यासमोर आता फक्त दरी होती. खाली खाली जाणारी, ढगांनी भरत चाललेली. पुढं वळण आहे की कडा, चढ किती उरला, काही दिसत नव्हतं. माझ्या कोपरापाशी ते दोन बूट हलत होते. मी त्याला दोनतीनदा ओरडून सांगितलं, जूता पहनो, भैया, पहनो. तो दम घेत एवढंच म्हणाला, "अभी आपका काम है माँ. मेरा काम नीचे जाकर करूँगा." मागून आक्का येत होत्या. त्या त्याच्या पायांकडं बघत चालल्या होत्या.

तेव्हा माझ्या मनाला काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, पण सांगायचा प्रयत्न करते. आधी लाज वाटली. मग राग आला, स्वतःचाच. मग तो चढ इतका लांबला की लाज आणि राग दोन्ही दमून गेले. माझ्या अंगात करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी डोकं मागं टेकलं. त्याच्या पाठीची ऊब कंडीच्या वेतातून माझ्या पाठीला लागत होती, आणि त्याचा श्वास मला माझ्याच श्वासासारखा ऐकू येत होता. आईच्या कडेवरून मी उतरले त्यानंतर मला कुणी उचललं नव्हतं, हे एकदम ध्यानात आलं. भीती कुठं गेली कळलं नाही. डोकं दुखतच होतं, कपडे ओलेच होते, पण आता हे माझ्या एकटीवर नाही, हे इतकं स्वच्छ जाणवलं की मी डोळे मिटून घेतले. जोतिबाचं नावही मी घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही, असंच म्हणते.

गरुडचट्टी मागं पडल्यावर वाट सपाट झाली आणि पाऊस थांबला. माणसांचा गलका कानावर आला. पुलाच्या अलीकडं त्यानं कंडी टेकवली, मला हात देऊन उठवलं आणि समोर बोट केलं. मी वळले. ढग फाटले होते. संबंध दरीच्या शेवटी बर्फाचा पांढरा डोंगर उभा होता आणि त्याच्या पायाशी ते काळ्या दगडांचं देऊळ. त्याला वाटत होतं की एवढं शेवटचं मी माझ्या पायांनी जावं. मी गेले. आक्कांच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत, पण जमिनीवर पाय टेकवत गेले.

पुलावर हे उभे होते. अंगावर एक कांबळं, हातात दुसरं, आणि चेहऱ्याला रंग नाही. एका धर्मशाळेच्या दारातून दुसऱ्या धर्मशाळेच्या दारात ते आम्हाला विचारत फिरले होते. त्यांनी मला कांबळ्यात गुंडाळलं, तिथंच बसवून पायांत मोजे चढवले, आणि मी कधी नव्हे ते गुमान चढवू दिले. मग मी म्हटलं, तुम्ही कंडीवाला पाठवलात म्हणून आम्ही आलो. ते म्हणाले, मी कुणाला पाठवलं नाही. पावसात खाली जायला एकही माणूस तयार नव्हता. आम्ही तिघांनी मागं बघितलं. पुलाच्या मागच्या टोकाला माणसं होती, घोडे होते, कंड्या होत्या. तो नव्हता. यांनी जाऊन चौकशी केली, पण नावच माहीत नाही तर विचारणार काय? आक्कांचं मत तेव्हाच ठरून गेलं. त्या मरेपर्यंत सांगत राहिल्या की तो जोतिबाच होता. मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही आणि कधी होकारही भरला नाही. मला त्याचे पाय आठवतात. थंडीनं लाल झालेले, बोटांत चिखल भरलेला, अंगठ्याचं नख फुटलेलं. ते माणसाचे पाय होते. देवानं यायचं तर तसल्याच पायांनी यावं लागत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन झालं. केदारला एक बरं आहे, देवाला हात लावता येतो. गाभाऱ्यात लिंगाला तूप चोळतात आणि मिठी मारतात. मी घरून शब्द ठरवून आले होते. मी माझं बोललेलं पुरं केलं, आता तू तुझं कर, यांना सांभाळ. किती महिने ते वाक्य मी घोकलं होतं. माझा नंबर आला, दोन्ही हातांनी तूप लावलं, त्या गार खरबरीत दगडावर कपाळ टेकलं, आणि ते वाक्य तोंडातून निघेना. मी माझं पुरं केलं, हे म्हणायला मला तोंडच नव्हतं. चालले ते पाय दुसऱ्याचे. मला एवढंच म्हणता आलं की, देवा, त्याचे पाय जप. त्याच्या टाचा फुटू देऊ नकोस. तेच तेच म्हणत राहिले, रडत राहिले, आणि मागच्या लोकांनी मला बाहेर काढलं.

बाहेर हे पायरीवर उन्हात बसले होते. त्यांनी मला जागा करून दिली आणि हसत विचारलं, "झालं सांगून देवाला?"

मी म्हटलं, "अहो, तुमचं नाव घ्यायचं राहूनच गेलं."

कोल्हापूरहून जिच्यासाठी निघालो ती एकच गोष्ट मी विसरले होते. मला वाटलं यांना लागेल. ते समोरच्या डोंगराकडं बघत म्हणाले, "बरं झालं. माझं ओझं तू वर्षभर एकटीच नेत होतीस. आता त्याला नेऊ दे."

यांची कावीळ पुन्हा उलटली नाही. नवस पुरा झाला म्हणून, की पथ्य पाळलं म्हणून, की ती उलटणारच नव्हती, ते मी ठरवत बसत नाही. मैदानावर माझा आवाज निवृत्त होईपर्यंत तसाच राहिला, स्वभावही काही पालटला नाही, ते आमचे हे सांगतीलच. पण मी देवाशी वाटणी करणं सोडून दिलं. जे करता येतं ते करते, आणि जिथं पाय उचलत नाहीत तिथं बसते, कुणी पाठ पुढं केली तर नाही म्हणत नाही. दोन वेळचं सुखाचं जेवण, यांची संगत आणि हे चालतं अंग, यांबद्दल मी त्याची ऋणी आहे, आणि ते ऋण फेडायचा आव मी आता आणत नाही. रोज दिव्याला हात जोडले की पहिलं मागणं त्या अनोळखी पायांसाठी असतं. यांचं नाव सगळ्यात शेवटी येतं. कधीकधी राहूनही जातं, आणि मला भीती वाटत नाही.